तीन नंबरचा डबा

गेल्या वर्षी गणपती बसायच्या आदल्या दिवशी, सकाळी आठच्या सुमारास, आमच्या घरमालकांनी सांगलीतल्या आपल्या घराच्या गच्चीवर पत्र्याचे तीन डबे पालथे केले आणि त्यांतून माझ्या हजेरीची बावीस कार्डं काढली. ही कार्डं मी सहा महिन्यांपूर्वी केरात टाकली होती. ती चोवीस असायला हवी होती. मुंबईत व्हिसाचा अर्ज देण्याची माझी वेळ त्या दिवसापासून तेरा दिवसांवर होती.

घरमालकांना सगळी गल्ली आप्पा म्हणे. ते मूळचे कडेगावकडचे. त्या भागातली बरीच घरं गलाईच्या धंद्यात आहेत. जुने दागिने वितळवून सोनं-चांदी शुद्ध करून द्यायची, हा तो धंदा. त्यासाठी माणसं देशभर जातात आणि कुठल्या तरी परक्या गावात, सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत, एक भट्टी आणि एक खोली एवढ्यावर आयुष्य काढतात. आप्पांनी केरळातल्या एका गावात एकतीस वर्षं काढली. मग धंदा पुतण्याकडे सोपवून ते सांगलीला आले, घर बांधलं आणि तळमजल्यावरच्या चार खोल्या भाड्याने द्यायला काढल्या. तीन नंबरच्या खोलीत मी चार वर्षं राहिलो.

भट्टीसमोर बसून बसून त्यांच्या भुवया विरळ झाल्या होत्या, त्यामुळे चेहरा कायम थोडा आश्चर्यात पडल्यासारखा दिसे. सांगलीत आल्यावरही ते पांढरी लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडून नेसत. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी त्यावरून बोलून घेतलं, नंतर बोलायचं सोडून दिलं. मल्याळम त्यांना चांगलं येत होतं, पण सांगलीत ते त्यातला एकच शब्द वापरत: सारमिल्ला. म्हणजे असू दे, काही बिघडत नाही. कुणाच्या हातून कप फुटला, सारमिल्ला. दूधवाला आला नाही, सारमिल्ला. एकदा माझ्या सायकलने त्यांची तुळशीची कुंडी फुटली, तेव्हाही सारमिल्ला. कागद हरवला किंवा टाकून दिला, तर मात्र हा शब्द कधी ऐकला नाही.

खोली मिळण्यासाठी परीक्षा होती. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आप्पांनी नाव विचारलं, गाव विचारलं. मी साताऱ्याकडच्या औंधच्या शेजारचं गाव सांगितलं. "यमाईच्या पायथ्याचं म्हण की," ते म्हणाले, आणि माझ्या हातात केरसुणी दिली.

"झाड."

"खोली?"

"मग काय गच्ची? झाड की रं."

मी झाडलं. आप्पा दारात हात मागे बांधून उभे होते. झाडून झाल्यावर त्यांनी मान डोलावली आणि किल्ली दिली. परीक्षा कसली होती, ते पुढे आक्कांनी सांगितलं. आक्का म्हणजे आप्पांची बायको. जो केर दाराकडे लोटतो त्याला खोली मिळत नाही. जो भिंतीपासून सुरुवात करून केर मध्ये गोळा करतो त्याला मिळते. मी केर मध्ये गोळा केला होता, कारण दारात आप्पाच उभे होते. हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

गलाईच्या दुकानात केर बाहेर टाकत नाहीत. केरात सोन्याचे कण असतात. दुकान झाडून जे निघेल ते डब्यात साठवतात, हात धुतलेलं पाणीसुद्धा एका पिंपात जाऊ देतात, आणि वर्षाकाठी ते सगळं धुऊन, जाळून, गाळून त्यातलं सोनं काढतात. आप्पांच्या अंगात ही शिस्त इतकी मुरली होती की धंदा सुटला तरी ती सुटली नाही. सांगलीच्या घरात ओला कचरा घंटागाडीत जाई. कोरडा केर जात नसे. रोज सकाळी आप्पा प्रत्येक खोलीच्या दारातला केर सुपात घेत, धूळ पाखडून टाकत, आणि राहील ते त्या खोलीच्या डब्यात भरत. गोडेतेलाचे रिकामे डबे होते, वर रंगाने खोलीचा नंबर घातलेला. भरलेला डबा माळ्यावर जाई, त्याच नंबरचा दुसरा खाली येई.

"आप्पा, आवं, ह्यात काय सोनं निघणार हाय का?" मी एकदा विचारलं होतं.

"आधी कळत न्हाई," ते म्हणाले. "कळलं असतं तर लोकांनी टाकलंच नसतं."

आक्कांचा या डब्यांवर राग होता. पण त्यांच्या उजव्या हातात एक वळं होतं आणि त्याची गोष्ट आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. केरळातल्या दुकानात बसायला एक सतरंजी होती. ती बारा वर्षं वापरली. विटली, फाटली, तेव्हा आप्पांनी ती भट्टीत जाळली आणि राख गाळली. त्यातून आक्कांच्या हातातलं वळं झालं.

"चांगलं जाड वळं," आप्पा म्हणत.

"जाड?" आक्का हात पुढे करत. "बघ रं तूच. सुतळी बरी ह्यापरीस. बारा वर्सं चौघंजण बसली त्या सतरंजीवर, आन माझ्या वाट्याला ही सुतळी."

"चौघं न्हाई, तिघं. चौथा उभा ऱ्हायचा."

"व्हय, त्याच्यामुळंच कमी पडलं असंल."

मी पदविका झालेला मेकॅनिकल माणूस. कुपवाडच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्यात दोन वर्षं सीएनसी मशीनवर होतो, सुटे भाग कापण्याचं काम. कारखाना बंद पडला. त्यानंतर मी पंपांच्या एका दुकानात विक्रीला लागलो आणि संध्याकाळी जर्मन शिकायला जाऊ लागलो. जर्मनीला जाऊन तिथे राहून नोकरी शोधता येते, असा एक व्हिसा आहे. वर्षभराची मुदत मिळते. त्यासाठी गुण मोजतात. मला सहा गुण लागत होते. वय, भाषा आणि पदविकेचा विषय मिळून माझे चार होत होते. उरलेले दोन फक्त अनुभवाचे होते: गेल्या पाच वर्षांत आपल्या कामातली दोन वर्षं, कागदोपत्री. दुकानातली विक्री त्यात धरत नव्हते. म्हणजे कुपवाडची दोन वर्षं दाखवता आली तर अर्ज, नाही तर नाही.

सकाळी सहाला मी पायरीवर बसून मोठ्याने जर्मन वाचत असे. आप्पा सुपात केर घेऊन समोर बसत. पहिल्या आठवड्यातच त्यांनी विचारलं, "हे सारखं डेर, डी, दास काय म्हणतोस?"

"त्यांच्यात पण तो, ती, ते असतं, आप्पा. प्रत्येक वस्तूला."

सूप थांबलं. "आपल्यागत?"

"व्हय."

"मग लय लांबची न्हाईत ती माणसं. चमचा?"

"तो."

"बरोबर. काटा?"

"ती."

"आं? सुरी?"

"ते."

"सुरी ते?" आप्पांनी आक्कांना हाक मारली. "आगं, ऐकलंस का, तिकडं सुरी ते हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू गेलास की सांग त्यांना. चुकतंय त्यांचं."

माझ्या जाण्याबद्दल त्यांनी कधी सल्ला दिला नाही. प्रश्न विचारले. तिथे दारासमोर कोण झाडतं? चार दिवस दार उघडलं नाही तर शेजारी विचारतो का? तुला ओळखतो असं सांगणारा तिथं पहिला माणूस कोण? शेवटच्या प्रश्नाला मी म्हणालो, कुणी नाही. "मला बी नव्हतं कुणी," ते म्हणाले आणि सूप हलवू लागले.

श्रावणात मी कुपवाडच्या कारखान्याच्या मालकांना फोन केला. मशीनं विकून ते कुंडलला आपल्या शेतावर राहायला गेले होते. मी नाव सांगितलं, कुठल्या मशीनवर होतो ते सांगितलं, अनुभवाचं पत्र मागितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "माझ्याकडं रजिस्टर राहिलं नाही, बाळा. तीस-पस्तीस पोरं येऊन गेली. कोण किती दिवस होतं, मला सांगता यायचं नाही. न बघता मी सही करत नाही. माझ्या सहीचं काहीतरी घेऊन ये, मग बघू."

असं काहीतरी माझ्याकडे होतं. त्या कारखान्यात हजेरीला पिवळी पुठ्ठ्याची कार्डं असत. महिना संपला की मालक त्यावर सही करत आणि कार्ड कामगाराला परत देत. माझी सगळी एका रबरात बांधलेली होती, मशीन गार ठेवायला ओततात त्या कूलंटचे आणि तेलाचे डाग पडलेली. फाईल तयार करायला बसलो तेव्हा, वकिलातीला स्वच्छ, सुटसुटीत कागद आवडतात, असं एका व्हिडिओत सांगितलेलं ऐकून मी ती टाकून दिली. अनुभवाचं पत्र मिळेलच, मग कार्डं कशाला, असा माझा हिशोब होता.

मालकांच्या फोननंतर मी सांगलीतल्या एका एजंटाकडे गेलो. माझं ऐकून घेऊन त्याने खण उघडला. पुण्याकडच्या एका कारखान्याचं कोरं लेटरहेड त्याच्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी त्यावर माझी दोन वर्षं आणि तीन महिने छापून मिळाले. इंग्रजी उत्तम होतं. सही निळ्या शाईत होती.

आप्पांची सवय अशी की घरात आलेला प्रत्येक नवा कागद त्यांना बघायचा असे. इंग्रजी त्यांना अक्षरं लावून वाचता येई. ते पत्र त्यांनी उजेडात धरलं, अंगठा फिरवला आणि नाकाशी नेलं.

"कुठला कारखाना?"

"पुण्याकडचा."

"किती दिस होतास?"

"दोन वर्सं."

"दारात झाड कसलं हाय?"

मी पत्राकडे बघत राहिलो.

"बरं. चहा कुठनं याचा?"

"आप्पा..."

"मालकाच्या गाडीचा रंग?"

आप्पांनी पत्र मांडीवर ठेवलं. "आता कुपवाडचं सांग. झाड?"

"गुलमोहर. निम्मा वाळलेला."

"चहा?"

"समोरच्या टपरीवरनं. किटलीला झाकण नव्हतं, पुठ्ठा घालायचे."

"गाडी?"

"पांढरी. डाव्या बाजूला पोचा आलेला."

"ह्यात तेल न्हाई," आप्पा पत्रावर बोट ठेवून म्हणाले. "दोन वर्सं मशीनीवर काढली आन कागदाला तेलाचा वास न्हाई? तिथला सायेब एकच गोष्ट इचारील आन तू आत्ता बसलायस तसा बसशील."

मग त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. चार वर्षांत ही एकच वेळ. एरवी केरळ म्हटलं की ते सतरंजीवर थांबत. विशीत ते गावातून निघाले तेव्हा एका नातेवाइकाने त्यांना चिठ्ठी लिहून दिली होती: या मुलाने आमच्या दुकानात पाच वर्षं भट्टी सांभाळली आहे. आप्पांनी तोवर भट्टी पाहिलीसुद्धा नव्हती. तिकडच्या दुकानदाराने चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि विचारलं, त्या दुकानात भट्टी कुठल्या अंगाला आहे?

"मी म्हटलं, उजव्या. त्या दुकानात दोन भट्ट्या होत्या. दोन्ही डाव्या अंगाला."

"मग?"

"मग काय. त्यानं केरसुणी हातात दिली. म्हणाला, खोटं आणलंस, आता खरं कमव. आठ महिने झाडलं. नवव्या महिन्यात भट्टीला हात लावू दिला." आप्पांनी आक्कांकडे पाहिलं. "हिला बी म्हाईत न्हाई हे."

"म्हाईत हाय," आक्का आतून म्हणाल्या. "तुमच्या भावानं सांगितलं व्हतं लग्नातच."

आप्पा माझ्याकडे वळले. "कुपवाडचं काय हाय तुझ्याकडं? कायबी."

"हजेरीची कार्डं होती. मालकाच्या सहीची."

"होती म्हंजे?"

"टाकली."

"कुठं टाकली?"

"केरात."

आप्पा उठून उभे राहिले. लुंगी झटकली. "केरात टाकली म्हंजे हायती," ते म्हणाले.

एजंटाचं पत्र त्यांनी फाडलं नाही. कागद ते फाडत नसत. घडी घालून तीन नंबरच्या डब्यात टाकलं.

गच्चीवरची सकाळ ती त्यानंतरची. घाई होती, कारण दुसऱ्या दिवशी गणपती येणार म्हणून आक्कांनी माळा रिकामा करायला काढला होता आणि नऊ वाजता भंगारवाल्याला बोलावून ठेवलं होतं. माळ्यावर सगळ्या खोल्यांचे मिळून सतरा डबे होते. त्यांतले तीन माझे. आप्पांनी जुन्या चादरीवर पहिला डबा ओतला. एसटीची तिकिटं, औषधाच्या पट्ट्या, चुरगळलेली जर्मन वाक्यं, तुटलेलं शर्टाचं बटण, बहिणीच्या लग्नपत्रिकेचा अर्धा भाग. ते एकेक वस्तू उचलत, बघत, बाजूला ठेवत. मी घाईने चाळायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला.

"भुईमूग न्हाई हा, भराभरा उपटायला. सावकाश."

दुसऱ्या डब्यात रबर सापडलं, तुटलेलं. कार्डं दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्यांत विखुरलेली होती. खाली गेटवर भंगारवाल्याची घंटी वाजली. आक्का जिन्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या.

"आवं, तो आलाय. काय सांगू?"

"सांग, घरात लगीन हाय."

"कुणाचं?"

"कुणाचं बी सांग."

आक्का खाली गेल्या. भंगारवाल्याला त्यांनी काय सांगितलं ते कळलं नाही. तो गेला. अर्ध्या तासाने त्या चहा घेऊन वर आल्या आणि पदर खोचून चादरीच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. शेवटची तीन कार्डं त्यांना मिळाली, एका बिस्किटाच्या पुड्यात घुसलेली.

बावीस. महिने लावून पाहिले. मधली दोन नव्हती, एकाला लागून एक.

बावीस महिने म्हणजे दोन वर्षं नव्हेत. हे मी आप्पांना सांगितलं. ते "बघतो" म्हणाले. पुढचे चार दिवस त्यांनी उरलेले चौदा डबे ओतले, इतर खोल्यांचे. आरतीला उभे राहत, टाळ्या वाजवत, पण नजर जिन्याकडे असे. आक्कांनी मोदक वाढले तर ते दोन खाऊन उठले. चौथ्या दिवशी ते माझ्या दारात आले, आत आले नाहीत.

"गेली रं दोन," ते म्हणाले. "कशी गेली कळत न्हाई. एकतीस वर्सात कण गेला न्हाई माझ्याकडनं."

"सारमिल्ला, आप्पा," मी म्हणालो.

"सारमिल्ला कसं? तुझं जायाचं अडलंय."

पाचव्या दिवशी आम्ही दोघं एसटीने पलूसला आणि तिथून वडापच्या जीपने कुंडलला गेलो. मी एकटा जाणार होतो. आप्पांनी ऐकलं नाही. पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून घेतली होती. कार्डं त्यांनी स्वतःजवळ ठेवली, पितळी डब्यात, ज्यात ते पूर्वी सोन्याचे नमुने ठेवत.

कारखान्याचे मालक उसाच्या कडेला पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी बसले होते. त्यांनी चष्मा घातला आणि कार्डं एकेक करून पाहिली. बावीस कार्डांना बराच वेळ लागला. मध्ये एकदा कार्ड नाकाशी नेलं आणि हसले.

"आमचाच कूलंट. दुसऱ्या कुणाला असला वास न्हाई." मग माझ्याकडे पाहिलं. "तू मागच्या भिंतीच्या मशीनवरचा. डबा खाताना रेडिओ लावणारा."

"हो, साहेब."

"मधली दोन कुठायत?"

मी बोलायच्या आत आप्पा पुढे झाले. "ती सापडली न्हाईत, मालक. चूक माझी हाय. केर माझ्याकडं असतो. पोरानं टाकली तवा चोवीसच असणार. माझ्याकडनं गेली."

मालकांना केराचं काही कळलं नाही. त्यांनी पुन्हा महिने पाहिले आणि कार्डं मांडीवर आपटली.

"कशी सापडतील? नव्हतीच."

"नव्हती?"

"छापखानेवाल्याच्या पोरीचं लगीन होतं. दोन महिने कार्डंच छापून दिली न्हाईत बाबानं. गेटवर वही बांधली होती सुतळीनं, तिच्यात सह्या घेतल्या." मला म्हणाले, "तुला आठवत न्हाई का? पेन चोरीला जायचं म्हणून तेबी बांधलं होतं."

तेव्हा मला आठवलं. लांबडी वही, सुतळी, बांधलेलं पेन. चार दिवस मी ते आठवलं नव्हतं.

"वही हाय का?" आप्पांनी विचारलं.

"भंगारात गेली."

आप्पांच्या चेहऱ्यावर वहीचं दुःख दिसलं. मग ते मालकांच्या जवळ सरकले. "म्हंजे कार्डं बावीसच व्हती?"

"बावीसच."

"एकदा परत सांगा."

"बावीस, बावीस. लिहून देऊ का?"

त्यांनी लिहूनच दिलं. कारखान्याची लेटरहेडं आणि शिक्का त्यांच्या कपाटात शिल्लक होता. मी पलूसला जाऊन इंग्रजीत पत्र टाईप करून त्यावर छापून आणलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि बदलायला लावलं. सरळ दोन वर्षं असं लिहिलेलं त्यांना चालेना. बावीस महिन्यांची कार्डं जोडली आहेत, मधल्या दोन महिन्यांची हजेरी वहीत होती, ती वही आता उपलब्ध नाही, पण हा कामगार त्या महिन्यांत कामावर होता हे मला स्वतःला माहीत आहे. असं लिहिल्यावर सही झाली. मी पुन्हा पलूसला जाऊन आलो. तोवर आप्पा आणि मालक चहा पीत बसले होते आणि भट्टी व लेथ यांत जास्त घाण कुठे होते यावर वाद घालत होते.

परतीच्या एसटीत आप्पा खिडकीपाशी बसले होते. सांगलीत घराच्या दारात, चपला काढायच्या आधी, त्यांनी आक्कांना हाक मारली.

"बावीसच व्हती."

"मग मी काय म्हणत व्हते," आक्का म्हणाल्या. त्या असं काही म्हणाल्या नव्हत्या.

त्या रात्री जेवताना आप्पांनी पाच मोदक खाल्ले.

मुंबईत अर्ज घेणाऱ्या बाईंनी कार्डं पाहून विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं. त्यांनी कार्डांच्या झेरॉक्स ठेवून घेतल्या, मूळ कार्डं परत दिली आणि हात पुसले. दारातलं झाड कुणी विचारलं नाही. व्हिसा दिवाळीनंतर आला. वकिलातीने पासपोर्टवरच्या व्हिसाच्या पानाखेरीज दुसरं काही कळवलं नाही.

संक्रांतीनंतर मी निघालो. निघायच्या दिवशी सकाळी आप्पांनी केरसुणी आणून दिली. मी खोली झाडली, भिंतीपासून सुरुवात करून. केर मध्ये गोळा केला. त्यांनी तो सुपात घेतला, पाखडला. त्यात एक टाचणी आणि जर्मन शब्दांची एक चिठ्ठी निघाली. दोन्ही डब्यात गेली. बावीस कार्डंही त्यांनी मागून घेतली आणि डब्यात ठेवली. म्हणाले, "तुझ्याकडं ठेवलीस तर टाकशील."

बसस्टँडवर ते आले नाहीत. आक्का आल्या. त्यांनी दिलेल्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी, तीळगूळ आणि नवी कोरी केरसुणी होती. केरसुणी विमानात नेता येईल की नाही याची मला खात्री नव्हती. ती सामानात घातली आणि आली.

पहिले चार महिने नोकरी मिळाली नाही. पाचव्या महिन्यात एका लहान गावातल्या कारखान्यात मिळाली, सीएनसीवरच. मुलाखत घेणाऱ्या माणसाने माझी मागची जागा कशी होती ते विचारलं. मी निम्मा वाळलेला गुलमोहर सांगितला. त्याला गुलमोहर माहीत नव्हता. फोनवर दाखवला.

रविवारी मी सांगलीला फोन करतो. तीन नंबरची खोली जूनमध्ये नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीला दिली. तिने केर दाराकडे लोटला होता. आप्पा आंघोळीला गेले होते. आक्कांनी सारमिल्ला म्हणून किल्ली दिली. डबा मात्र तिला नवा दिला आहे.

नोकरीची बातमी ऐकून आप्पांनी एकच प्रश्न विचारला.

"हजेरी कशी घेत्यात?"

"प्लास्टिकचं कार्ड आहे, आप्पा. दारात टेकवायचं. संगणकात नोंद होते."

"महिना संपल्यावर परत देत्यात?"

"न्हाई."

"मग तुझ्याकडं काय ऱ्हातं?"

मी कार्यालयात जाऊन पहिल्या महिन्याच्या हजेरीची छापील प्रत मागितली. त्यांनी कारण विचारलं, मग दिली. ती मी पाकिटात घालून टपालाने पाठवली.

पाकीट अठरा दिवसांनी सांगलीला पोचलं. आक्कांनी फोनवर सांगितलं की आप्पांनी कागद उजेडात धरला, अंगठा फिरवला, वास घेतला आणि तेल न्हाई म्हणाले. मग माळ्यावरून माझा जुना डबा खाली घेतला आणि कागद त्यात, बावीस कार्डांच्या वर ठेवला.